सोशल मीडियावरच्या जाहिरातीतलं दुकान खरं की बनावट? आणि पैसे अडकलेच तर?

हिशेबनीस

"ही जाहिरात खरी वाटते का, बघ जरा" असा निरोप आणि खाली एक स्क्रीनशॉट. ज्या घरात कुणी एक जण कॉम्प्युटरमधला म्हणून ओळखला जातो, तिथे हा निरोप हल्ली सारखा येतो. दरवेळी तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच धागा काढतोय. भर घाला, खोडून काढा.

आधी जुन्या खुणा विसरायला हव्यात. "भाषा मोडकीतोडकी असेल तर समजावं" हे आता गेलं. गुळगुळीत भाषा आता यंत्र लिहून देतं, हवी त्या भाषेत. पत्त्याच्या पट्टीतलं कुलूप बघा म्हणतात. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्यात आणि त्या साइटमध्ये जे बोलणं चाललंय ते तिसऱ्याला वाचता येत नाही. पलीकडे चोर बसला असेल तर चोराशी गुप्तपणे बोलणं होतं, इतकंच. कुलूप दिसायला साइटला एक प्रमाणपत्र लागतं, आणि लेट्स एन्क्रिप्टसारखी संस्था २०१५ पासून ही प्रमाणपत्रं फुकट देते. लोक कुलपावर फारच विसंबतात म्हणून गूगलने २०२३ मध्ये क्रोममधलं ते चिन्ह बदलूनही टाकलं. खात्याच्या नावाशेजारची निळी टिकली? ट्विटरने ती २०२२ मध्ये विकायला काढली, मेटाने (फेसबुक आणि इन्स्टाग्रामची मालक कंपनी) २०२३ मध्ये. पैसे भरणाऱ्याला टिकली मिळते, आणि टिकली असणाऱ्याकडे माल असतोच असं नाही.

फॉलोअर्सचंही तसंच. जुनी, भरलेली खाती विकत मिळतात. कालपर्यंत मांजरांचे व्हिडिओ टाकणारं खातं आज बूट विकायला बसतं. हे मात्र सापडतं. इन्स्टाग्रामवर प्रोफाइलच्या तीन टिंबांत 'या खात्याबद्दल' असं असतं. खातं कधी उघडलं, कुठल्या देशातून चालतं, आधी नावं किती वेळा बदलली, हे बऱ्याच खात्यांसाठी तिथे दिसतं. फेसबुक पेजवर हेच 'पेज ट्रान्सपरन्सी'त असतं. शिवाय मेटाची ॲड लायब्ररी आहे. त्यात पेजचं नाव टाकलं की त्याच्या चालू जाहिराती दिसतात, लॉगिनसुद्धा लागत नाही. एकच 'कुटुंबाचा छोटा चामड्याचा कारखाना' एकाच वेळी पर्स, श्रवणयंत्र आणि ड्रोन विकत असेल तर पुढे बोलायलाच नको.

पण मुख्य मुद्दा वेगळा आहे. दुकान ओळखण्याच्या शर्यतीत ते लोक आपल्यापुढेच राहणार, कारण त्यांचा तो पूर्ण वेळचा धंदा आहे. म्हणून मी पैसे देण्याआधी एकच विचारतो : वस्तू आलीच नाही तर हे पैसे मला कोण परत देणार? "विक्रेता देईल" हे उत्तर मी धरत नाही. बँक, कार्ड कंपनी, मोठं बाजारपेठेचं ॲप, असं मधलं कुणीतरी हवं ज्याच्याकडे दाद मागता येते. मधलं कुणीच नसेल, म्हणजे थेट खात्यात पैसे, गिफ्ट कार्डाचे नंबर, क्रिप्टो, तर मी घेत नाही. वस्तू कितीही आवडली तरी.

चष्मा

फोटोंबद्दल लिहिते, माझा हाच उद्योग आहे.

तोच फोटो इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते शोधायला गूगल लेन्स किंवा टिनआय वापरा, पण पूर्ण फोटो टाकू नका. हे लोक फोटो उलटा करतात (आरशात दिसतो तसा), कडा कापतात, वर सवलतीचा बिल्ला चिकटवतात. वस्तूच्या एका भागाचा तुकडा कापून शोधलात तर जास्त सापडतं. मध्यंतरी मैत्रिणीने भरतकाम केलेल्या एका कोटाची जाहिरात पाठवली होती. 'आमच्या वर्कशॉपमध्ये हाताने शिवलेला.' कोटाचा फोटो शोधून काही हाती लागेना, म्हणून मागच्या खिडकीचा तुकडा कापून टाकला. हिरवट पडदा, त्याला खाली एक डाग, आणि कोपऱ्यात अर्धवट दिसणारी कुंडी. तोच पडदा, तोच डाग, तीच कुंडी आणखी तीन दुकानांच्या 'स्वतःच्या वर्कशॉप'मध्ये निघाली. कोटाचा रंग तेवढा प्रत्येकाने बदलला होता.

यंत्राने बनवलेल्या चित्रांना मात्र हा उपाय लागू नाही, कारण मूळ फोटोच नसतो. तिथे एकच वस्तू वेगवेगळ्या कोनांतून बघा. समोरून पाच बटणं, बाजूने चार. शिवण एका फोटोत खांद्यावर, दुसऱ्यात गायब. खऱ्या वस्तूची बटणं फोटोगणिक बदलत नाहीत.

रात्रपाळी

हिशेबनीस, उत्तम धागा. दोन गोष्टी जोडतो.

एक, जाहिरातीवर टिचकी मारली की साइट त्या ॲपच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडते. तिथे पत्ता बारीक, अर्धवट दिसतो. तीन टिंबांतून आपल्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडा आणि पत्ता उजवीकडून डावीकडे वाचा. डॉट कॉमच्या लगेच आधी जे नाव असतं तो मालक. त्याच्याही आधी टिंब देऊन मोठ्या ब्रँडचं नाव लावलं असेल तर ते शोभेपुरतं. ब्रँडच्या नावाला जोडरेघ देऊन 'सेल', 'आउटलेट', 'ऑफिशियल' अशी शेपटी लावलेली असेल तर तोही ब्रँडचा पत्ता नव्हे, वेगळाच कुणीतरी.

दोन, तो पत्ता कधी नोंदवला ते बघा. आयकॅन म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांची व्यवस्था बघणारी संस्था, तिच्या लुकअप पानावर फुकट कळतं. '३० वर्षांची परंपरा' सांगणाऱ्या दुकानाचा पत्ता मागच्या महिन्यात नोंदवलेला असतो.

तिरकस रेघ

रात्रपाळी, दुसऱ्या मुद्द्यावर थोडं थांबा. २०२४ च्या मे महिन्यात जर्मनीतल्या एसआर लॅब्स या सायबर सुरक्षा कंपनीने बनावट दुकानांचं एक जाळं उघडकीला आणलं होतं, त्याला त्यांनी 'बोगसबझार' नाव दिलं. ७५ हजारांहून जास्त पत्ते, साडेआठ लाखांच्या वर बळी, बहुतेक अमेरिका आणि पश्चिम युरोपातले. माल म्हणून मुख्यतः बूट आणि कपडे. आता गंमत बघा. त्यांनी पत्ते घेतले ते मुदत संपलेले, गूगलमध्ये आधीपासून पत असलेले. कधीकाळी एखाद्या खऱ्या संस्थेची साइट तिथे होती, त्यांनी नूतनीकरण केलं नाही, ह्यांनी उचललं. त्यामुळे पत्ता जुना म्हणून निर्धास्त राहणाऱ्याची तिथे फसगत ठरलेली.

थोडक्यात, नवा पत्ता दिसला तर सावध व्हा. जुना दिसला तर त्यातून काहीच कळलेलं नाही असं समजा. फोटोशोधाचंही तेच. सापडला तर संशय पक्का, नाही सापडला तर शून्य माहिती.

त्या जाळ्याची आणखी एक तऱ्हा होती. कार्डाची माहिती भरली की 'व्यवहार अयशस्वी' असं दिसायचं आणि दुसऱ्या पानावर पुन्हा पैसे भरायला लावायचे. पहिल्या पानावर कार्डाची माहिती गेली, दुसऱ्यावर पैसे. एकाच गिऱ्हाइकाकडून दोनदा कमाई.

रात्रपाळी

मान्य. हे जुन्या पत्त्यांचं प्रकरण मला माहीत नव्हतं.

मग माझी आवडती तपासणी सांगतो, अजून तरी उपयोगी पडतेय. दुकानाच्या तळाशी 'परतावा धोरण' आणि 'गोपनीयता' अशी कुणीही न वाचणारी पानं असतात. वाचा. हे लोक ती दुसरीकडून उचलतात आणि नाव बदलायला विसरतात. घड्याळांच्या दुकानाच्या धोरणात मधेच 'आमचे सौंदर्यप्रसाधन न वापरलेल्या स्थितीत परत करावे' असं वाचलंय. एका ठिकाणी तर चौकटी कंसात 'कंपनीचे नाव येथे लिहा' तसंच राहिलेलं.

गोधडी

माझ्या नणंदेचं प्रकरण सांगते, कारण वरच्या कुठल्याच चाळणीत ते अडकलं नसतं. तिने एक लहान शिलाई मशीन मागवलं. किंमत बाजारभावाच्या जेमतेम खाली. कार्डाने पैसे दिले. पार्सलचा ट्रॅकिंग नंबर आला, तो खऱ्या कुरियर कंपनीचा होता, रोज पुढे सरकत होता. एके दिवशी 'पोहोचवले' असं दिसलं. घरी काहीच आलेलं नाही! विक्रेता म्हणतो, कुरियरला विचारा. बँकेत तक्रार केली तर विक्रेत्याने तोच ट्रॅकिंग नंबर पुरावा म्हणून दिला आणि बँकेने तक्रार बंद केली. आता काय करायचं?

हिशेबनीस

गोधडी, ही ठरलेली चाल आहे. पार्सल खरंच निघतं, खरंच पोहोचतं, पण त्याच गावातल्या दुसऱ्याच पत्त्यावर. आत एखादी फुटकळ वस्तू किंवा रिकामं पाकीट. ट्रॅकिंगच्या पानावर बहुधा फक्त गाव आणि पिनकोड दिसतो, त्यामुळे बँकेला सगळं जुळल्यासारखं वाटतं.

तुमच्या नणंदेने कुरियर कंपनीकडे लेखी मागावं : हे पार्सल नेमक्या कुठल्या पत्त्यावर दिलं, सही कोणाची, आणि वजन किती होतं. पूर्ण पत्ता ते गोपनीयतेमुळे देत नाहीत कधीकधी, पण "तुमच्या पत्त्यावर दिलेलं नाही" एवढं पत्र देऊ शकतात. आणि वजन बऱ्याचदा ट्रॅकिंगमध्येच असतं. शिलाई मशीन काही किलोंचं असतं. पार्सल पन्नास-शंभर ग्रॅमचं निघालं तर त्या एका आकड्यावर तक्रार पुन्हा उघडायला सांगा.

बिनधास्त बोला

एवढं सगळं कशाला? हाव धरू नका. नव्वद टक्के सूट कोणी देतं का? लोकांना अक्कल नाही, मग रडतात.

गोधडी

वर लिहिलंय की किंमत बाजारभावाच्या जेमतेम खाली होती. वाचून प्रतिसाद देत चला.

तिरकस रेघ

बिनधास्त, ह्या 'अक्कल नाही'मुळेच लोक तक्रार करत नाहीत, आणि तक्रारच नसली की त्या दुकानाचं फावतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा (ग्राहकांच्या तक्रारी घेणारी सरकारी संस्था) आकडा आहे : २०२३ च्या पहिल्या सहामाहीत सोशल मीडियावरून पैसे गेल्याच्या जेवढ्या तक्रारी आल्या, त्यातल्या ४४ टक्के खरेदीच्या होत्या. बहुतेकांना वस्तू मिळालीच नव्हती. कपडे आणि इलेक्ट्रॉनिक्स सगळ्यात वर. नुसत्या हावेने एवढी माणसं फसत नाहीत.

शिवाय नव्वद टक्के सूट आता जुनी झाली. नवी गोष्ट असते दुःखाची. 'चाळीस वर्षांनी दुकान बंद करतोय, शेवटचा माल, आतापर्यंतच्या प्रेमाबद्दल आभार', सोबत पांढऱ्या केसांचं जोडपं दुकानाच्या दारात. जोडपं यंत्राने बनवलेलं, दुकान नाहीच. माल कुठल्यातरी दूरच्या गोदामातला, स्वस्तातला. इथे माणूस हाव धरून जात नाही, चांगुलपणाने जातो. स्वस्त आहे म्हणून संशय यावा, तर स्वस्त असण्याचं कारणही आधीच हातात दिलेलं असतं.

निवृत्त मास्तर

सगळं वाचले. एक शंका. या सर्व कसोट्या लावल्या तर घरून चार वस्तू बनवून विकणारी प्रामाणिक व्यक्ती पहिल्याच फेरीत बाद होईल. तिचे संकेतस्थळ नाही, खाते नवे, पैसे थेट खात्यात. मग मोठ्या कंपन्यांकडूनच घ्यायचे काय?

सुईदोरा

मास्तर, तुम्ही माझंच वर्णन केलंत :) मी विणलेल्या वस्तू विकते, फक्त इन्स्टाग्रामवर.

गिऱ्हाइकाने बिनदिक्कत विचारावं. मला कोणी म्हणालं की "ही पिशवी हातात धरून, शेजारी कागदावर माझं नाव लिहून फोटो पाठवा", तर मी पाठवते. व्हिडिओ कॉलवर विण दाखवते. ज्याच्याकडे वस्तू आहे त्याला हे दोन मिनिटांचं काम. ज्याच्याकडे नाही तो चिडतो, किंवा "खूप मागणी आहे, दहा मिनिटांत पैसे टाका" असं सुरू करतो. आधी लहान वस्तू घ्या, मग मोठी. माझ्या जुन्या गिऱ्हाइकांनी तसंच केलं. आणि पोस्टमध्ये ज्यांना टॅग केलंय त्यांना थेट मेसेज करून विचारा. पोस्टखालच्या कमेंट मी पुसू शकते, पण त्यांचं तोंड मी बंद करू शकत नाही.

उलट बाजूही लिहा हो कुणीतरी. विकणाऱ्यांनाही फसवतात. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवतात, तो बनावट असतो. खात्यात रक्कम दिसेपर्यंत मी वस्तू हलवत नाही, मग समोरचा कितीही घाईत असो. दुसरा प्रकार, "चुकून जास्त पाठवले, वरचे परत करा". पहिली रक्कम एकतर आलेलीच नसते, किंवा चोरीच्या खात्यातून आलेली असते आणि काही दिवसांनी उलटवली जाते. तिसरा, "कुरियर मी पाठवतो, तुम्ही फक्त ह्या लिंकवर कार्ड टाकून विम्याचे पैसे भरा, नंतर मिळतील". विकणाऱ्याने पैसे घेण्यासाठी कार्डाचा पिन किंवा ओटीपी टाकायची गरज कधीच नसते. कधीच.

निवृत्त मास्तर

आभारी आहे. हे पटले.

रात्रपाळी

सुईदोरा यांच्या प्रतिसादाला अनुमोदन.

परताव्याच्या खेळाबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. वस्तू येते, पण भलतीच किंवा हलकी. तक्रार केलीत की उत्तर ताबडतोब येतं, फार गोड. "वस्तू ठेवून घ्या, १५ टक्के परत देतो." नाही म्हटलंत तर २०. मग ३०. मग "परत पाठवा, पण परदेशातल्या गोदामात, टपालखर्च तुमचा", जो वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त. प्रत्येक फेरीत काही दिवस जातात. ते दिवस घालवणं हाच त्यांचा हेतू असतो, कारण कार्डाच्या व्यवहारावर हरकत घ्यायला मुदत असते. मोठ्या कार्ड कंपन्यांच्या नियमांत ती साधारण १२० दिवसांची असते, पण तुमच्या बँकेची कमी असू शकते, विचारून घ्या. गोड बोलणं चालू असतानाच हरकत नोंदवा. आणि ईमेलवरच बोला, फोनवर नको, लेखी राहतं.

अजून एक. पेपालसारख्या ऑनलाइन पैसे पाठवायच्या ठिकाणी 'मित्र किंवा नातेवाइकाला पाठवतोय' असा पर्याय असतो. विक्रेता म्हणतो तो निवडा, शुल्क वाचेल. त्या पर्यायात खरेदीचं संरक्षण नसतं. ओळखपाळख नसलेला माणूस तुम्हाला मित्र व्हायला सांगतोय, एवढं लक्षात घ्या.

नवा पाहुणा ७७

माझे पण पैसे गेले होते, एका हॅकर सरांनी २४ तासांत सगळे परत मिळवून दिले. त्यांचा नंबर

*[उरलेला मजकूर काढला आहे, खातं बंद केलं आहे. – संपादक]*

हिशेबनीस

संपादकांचे आभार, पण पहिली ओळ ठेवलीत ते बरं केलंत, नमुना म्हणून उपयोगी. फसलेल्यांना पुन्हा फसवणारी ही दुसरी टोळी, कधी पहिलीच टोळी नाव बदलून. 'पैसे परत मिळवून देतो, आधी थोडी फी भरा.' पैसे परत आणण्याचा अधिकार तुमच्या बँकेला आणि तपास यंत्रणेला असतो, आणि तक्रार घ्यायला ते 'हॅकर सरां'सारखी आगाऊ फी मागत नाहीत. ज्यांनी कुठे जाहीरपणे "माझे पैसे गेले" असं लिहिलंय, त्यांच्या इनबॉक्समध्ये हे लोक हमखास येतात. गोधडी, तुमच्या नणंदेलाही सांगून ठेवा.

चष्मा

मी अशा जाहिराती रिपोर्ट करते, पण बहुतेक वेळा 'आमच्या नियमांत बसते' असं उत्तर येतं. कोणाची रिपोर्ट कधी मान्य झालीये का?

तिरकस रेघ

कधीमधी होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये रॉयटर्सने मेटाच्या अंतर्गत कागदपत्रांवरून बातमी दिली होती. २०२४ च्या उत्पन्नाचा सुमारे दहावा हिस्सा फसव्या आणि निषिद्ध मालाच्या जाहिरातींतून येईल असा कंपनीचाच अंदाज त्यात होता. फसवणुकीबद्दल किमान ९५ टक्के खात्री वाटली तरच जाहिरातदाराला काढायचं, असंही त्यात आहे. कंपनीचं म्हणणं, तो अंदाज ढोबळ आणि फुगलेला होता. असेल. पण जाहिरात दिसली म्हणजे कोणीतरी ती तपासली असेल, हा समज तरी डोक्यातून काढा.

रिपोर्ट करत राहा, त्याने तुम्हाला तशा जाहिराती कमी दिसू शकतात. थांबून थांबून बघितलंत, कमेंटमध्ये "फ्रॉड" लिहायला गेलात, तर यंत्राला वाटतं तुम्हाला रस आहे आणि ते आणखी दाखवतं.

कोपऱ्यातली खुर्ची

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. आत्ताच एका साइटवर कार्डाची सगळी माहिती भरली आणि 'व्यवहार अयशस्वी' आलं. पैसे कापलेले दिसत नाहीत. वर तिरकस रेघ यांनी लिहिलंय तसंच वाटतंय. पैसे गेले नाहीत म्हणजे काही करायची गरज नाही ना?

हिशेबनीस

गरज आहे, आणि आत्ता. बँकेच्या ॲपमधून कार्ड बंद करा आणि नवीन नंबरचं मागवा. नुसतं तात्पुरतं थांबवलेलं कार्ड उद्या चालू केलंत की तोच नंबर पुन्हा त्यांच्या हातात. पैसे आज जात नाहीत बऱ्याचदा. आधी एखादी अगदी क्षुल्लक रक्कम कापून बघतात, कार्ड जिवंत आहे का ते, आणि मग काही आठवड्यांनी मोठी.

त्या साइटवर खातं उघडताना पासवर्ड दिला होता का? तोच आणखी कुठे वापरता?

कोपऱ्यातली खुर्ची

कार्ड बंद केलं. पासवर्ड दिला होता. तोच ईमेललाही आहे :(

रात्रपाळी

मग हा धागा वाचणं थांबवा आणि ईमेलचा पासवर्ड बदला. त्यातच 'सगळ्या डिव्हाइसवरून बाहेर पडा' असा पर्याय असतो, तोही दाबा. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. बाकी साइट्सचे पासवर्ड त्यानंतर, सावकाश. आणि पुढचे काही दिवस "बँकेतून बोलतोय, तुमच्या कार्डावर संशयास्पद व्यवहार झालाय" असा फोन आला तर ठेवून द्या आणि कार्डामागे छापलेल्या नंबरवर स्वतः लावा. तुमचं नाव, फोन नंबर आणि कार्ड कुठल्या बँकेचं, हे त्यांना आता माहीत आहे.